खालच्या आळीतलं शेवटचं घर

प्रिय गुंडी,

गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून, मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन हे पत्र लिहितेय. सत्तावन्नाव्या वर्षी सलग चार दिवस किल्ला चढला-उतरला की काय होतं ते माझ्या गुडघ्यांना विचार. फोन करणार होते. दोनदा तुझा नंबर काढला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. फोनवर तू मध्येच काहीतरी विचारतेस, मी हसते, मग विषय तुझ्या नातीवर जातो आणि सांगायचं ते राहून जातं. पत्रात तू मला अडवू शकत नाहीस. हॉस्टेलमध्ये दिवे गेल्यावर तू मला गप्प करायला उशी फेकून मारायचीस, तेवढी सोय तुला आता नाही.

तुझ्या गावाला जाऊन आले. कामासाठीच. आमच्या खात्याकडे किल्ल्याच्या उत्तरेकडच्या बुरुजाबद्दल तक्रार आली होती. तिकीटखिडकीतल्या बाईंनी लिहिलं होतं की बुरुजाचं दार लागत नाही आणि वरून माती पडते. साहेब म्हणाले, तुम्ही जा, तुम्हाला तो डोंगर माहीत आहे. निवृत्तीला आठ महिने राहिलेत, मला कुठेही पाठवू नका असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर दुसरं कोणी गेलं असतं, आणि ते मला नको होतं. का, ते पुढे लिहिते. घाई करू नकोस.

गाव बरंचसं तसंच आहे आणि बरंचसं नाही. वेशीच्या कमानीतून आत शिरलं की तीच चढाची फरसबंद गल्ली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागेल एवढीच रुंद. तेच झिजून मध्ये खोलगट झालेले पायऱ्यांचे दगड. पण वरच्या आळीतल्या घरांना आता रंगीत दारं आणि पितळी पाट्या आहेत. शहरातली माणसं येतात, दोन दिवस राहतात, खिडकीतून दरीचे फोटो काढतात आणि जातात. एका घरात मातीची भांडी विकतात, एकात साबण. साबणासाठी माणूस डोंगर चढून येतो, गुंडे! वर्षभर राहणारी घरं मोजली तर वीससुद्धा भरत नाहीत, आणि त्यातली बहुतेक खालच्या आळीत, किल्ल्याच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. तुमचं त्यातलं शेवटचं, डांबरी रस्ता मागून येऊन ज्याच्या दाराशी संपतो ते.

राहायची सोय खात्याने खाली शहरातल्या लॉजवर केली होती. रोज वर-खाली करायचं म्हणजे अर्धा दिवस बसमध्येच. पहिल्या दिवशी मी तिकीटखिडकीपाशी धापा टाकत उभी होते, तर मागून आवाज आला, “फूटपट्टी, तू अजून वाकली नाहीस की!” काका. तुझे बाबा ब्याऐंशीचे झालेत. रखवालदारीतून सुटून त्यांना सोळा वर्षं झाली, पण रोज सकाळी नऊला ते किल्ल्याच्या दाराशी येतात, झाडू घेतात आणि चौक झाडतात. त्या बाई सांगत होत्या, पहिल्या पहिल्यांदा त्यांना नको म्हटलं, मग सोडून दिलं. पाठीला बाक आलाय, डाव्या कानाने ऐकू येत नाही, दाढी मात्र रोज करतात. माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “लॉजवर कशाला? घर काय पडलंय?” मग स्वतःच हसले. “अजून तरी नाही.”

मी राहिले. तुला न विचारता राहिले. तुझ्याच खोलीत झोपले. तुझं टेबल तिथेच आहे, खिडकीतल्या कुंडीत आता कोरफड आहे. कपाटात तुझे कपडे नाहीत, ते त्यांनी कुणाला तरी दिले असावेत. पण आतल्या बाजूला आपण चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक अजून आहे. चार सुट्ट्या मी त्या घरात काढल्या. माझ्या घरी तेव्हा कोणी धड बोलत नव्हतं, आणि काकू मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, एवढी उंच पोरगी आणि एवढीशी जेवतेस, जाते कुठे ते सगळं? हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण पुढचं लिहिताना मला ते समोर हवंय.

आता कामाचं सांगते. बुरुज वाईट आहे. दोन दिवस मी ओळंबा घेऊन भिंतीशी उभी होते. ओळंब्याची दोरी खोटं बोलत नाही. भिंत वरच्या टोकाला वीतभर बाहेर झुकली होती. पण सातशे वर्षांची भिंत झुकलेली असणारच, ती कधी झुकली ते महत्त्वाचं. शे-दीडशे वर्षांपूर्वी झुकून तिथेच थांबली असेल तर तिला कोणी हात लावू नये. आता झुकत असेल तर तिच्या पायाखालची जमीन सरकतेय, आणि बुरुजाच्या पायाखाली काय आहे तर खालची आळी. बारा घरं. म्हणून मी आळीत घरोघरी फिरले. जमिनी पाहिल्या, दारं उघडून-लावून पाहिली, भिंतींवर पेन्सिलने खुणा केल्या. काका बरोबर होतेच. ते नसते तर निम्म्या घरांनी मला आत घेतलं नसतं. खात्याची बाई वही घेऊन आली म्हणजे काही चांगलं सांगायला आलेली नसते, हे लोकांना बरोबर कळतं.

आणि गंमत म्हणजे मला फारसं काही सापडलं नाही. जुन्या भेगा होत्या, त्यात वर्षानुवर्षांची धूळ आणि चुना बसलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिलं, ‘सध्या धोका दिसत नाही. बुरुज पर्यटकांसाठी बंद ठेवावा, दर तीन महिन्यांनी पाहणी करावी.’ लिहिताना हायसं वाटलं. शेवटची मोठी पाहणी आणि कुणाच्याही पोटावर, छपरावर पाय न देता सुटले असं वाटलं. तुमच्याकडे स्वयंपाकघरात बसून काकांनी केलेलं भाजीचं सूप प्यायलो. सूप कसलं, कोमट पाण्यात बटाटे पोहत होते. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “काकूची कृती आहे, फक्त काकू नाही.” टेबलाच्या दोन पायांखाली त्यांनी पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या होत्या. मी त्या पाहिल्या. गुंडे, चौतीस वर्षं हेच काम करतेय मी, जमीन कलल्याशिवाय टेबलाला टेकू लागत नाही हे मला कळतं. मी त्या पाहिल्या आणि सूप पीत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका झाडायला गेले नाहीत. मी चहा घ्यायला आले तेव्हा ते भांड्यांच्या मोठ्या कपाटाला खांदा लावून उभे होते. ते लाकडी, काचेच्या दारांचं, काकू ज्याला हात लावू द्यायच्या नाहीत ते. कपाट रिकामं केलेलं होतं, सगळ्या बश्या, कप, बरण्या टेबलावर ओळीने मांडलेल्या. म्हणाले, “बघत काय राहिलीस, धर की.” आम्ही दोघांनी मिळून ते सरकवलं. माझे गुडघे आणि त्यांची पाठ, दोन्ही कुरकुरत होती. कपाटामागे भेग होती. जमिनीतून निघून भिंतीत अर्ध्यावर चढलेली. माझी पेन्सिल आत गेली आणि खाली पडली, पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. कडा पांढऱ्या, ताज्या. धुळीचा कण नव्हता त्यात.

मी विचारलं, “कधीपासून?” ते म्हणाले, “दोन पावसाळे झाले. आधी बोटभर पण नव्हती.” “आणि काल का नाही दाखवलीत?” तर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “काल तू खालच्या घरात गेलीस ना, त्या शिवणाऱ्या पोरीकडे. तिची लेक तुझ्या टेपशी खेळत होती. माझ्या भिंतीच्या बरोबर खाली तिचा पाळणा आहे. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. मी म्हातारा आहे, माझं काय व्हायचं ते होईल म्हणून गप्प बसलो होतो. भिंत पडताना कोण म्हातारं ते विचारून पडत नाही.”

मग मी नीट पाहिलं. दुपारपर्यंत. फरशी उचलली, बाहेरच्या बाजूने उतरून पाहिलं, शेजारच्या दोन घरांत पुन्हा गेले. आता कुठे पाहायचं ते कळलं होतं, त्यामुळे सगळं दिसायला लागलं. एकाने भेगेवर कॅलेंडर लावलं होतं, एकीने पडदा. कुणालाच घर सोडायचं नव्हतं. जमीन सरकतेय, गुंडे, यात शंका नाही. माझा अहवाल बदलला. बारा घरं रिकामी करावी लागतील, किल्ला बंद करावा लागेल. पुढच्या पावसाआधी.

दुपारी चारच्या सुमाराला आम्ही किल्ल्याच्या चौकात बसलो होतो, त्या मोठ्या पाण्याच्या टाक्याच्या कठड्यावर. शाळेची सहल आली होती. मुलं टाक्यात तोंड घालून ओरडत होती आणि प्रतिध्वनी आला की खिदळत होती. काका त्यांना मागे सरा, मागे सरा म्हणत होते आणि मुलं ऐकत नव्हती. मी म्हटलं, “काका, तीस दिवसांची नोटीस लागेल.” ते मुलांकडेच बघत होते. म्हणाले, “सातशे वर्षं हा किल्ला भल्याभल्या फौजांना पुरून उरला. आणि शेवटी कोण आलं, तर फूटपट्टी.” मी हसले आणि मग मला हसता येईना. त्यांनी विचारलं, “पडेलच असं नक्की आहे का?” मी म्हटलं, “नक्की कोणीच सांगू शकत नाही, काका. पण धोका पत्करता येणार नाही.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “तेव्हाही तू हेच शब्द बोलली होतीस.” टोमणा नव्हता त्यात. तेच तर. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर घरोघर आले. मी बोलायच्या आधी तेच बोलत होते. “माझ्या स्वयंपाकघरात येऊन बघा, हात जातो आत,” असं सांगत होते. एका म्हाताऱ्याने त्यांच्या तोंडावर दार आपटलं. बेकरीवाली रडली आणि मग आम्हा दोघांना दोन पाव बांधून दिले. शिवणाऱ्या पोरीने फक्त विचारलं, मशीन कोण उतरवणार? सगळ्यांना खाली शहरात, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत तात्पुरत्या खोल्या मिळतील. काकांना तळमजल्यावरची द्या असं मी लिहिलंय. तिथून डोंगर दिसतो की नाही ते मी पाहिलं नाही. दिसलेला चांगला की न दिसलेला, ते मला ठरवता येईना.

आता तुझ्याकडे येते. एकोणीस वर्षांत तू मला किती वेळा म्हणाली असशील, बाबांनी आईला त्या दगडांपायी मरू दिलं. छातीत सकाळी दुखायला लागलं आणि दुपार टळेपर्यंत हा माणूस तिला घेऊन वर बसून राहिला. आणि मग उतरवलं कसं, तर चौघांनी खुर्चीत बसवून, पायवाटेच्या सहाशे पायऱ्यांनी, भर पावसात. तू तिसऱ्या दिवशी विमानतळावरून गाडी करून थेट दारापर्यंत आली होतीस. डांबरी रस्त्याने. तुझ्या चपलांना चिखलही लागला नव्हता. आत आल्या आल्या तू त्यांना विचारलंस, “रस्ता होता ना बाबा? मी आत्ता त्याच रस्त्याने आले. गाडी का नाही बोलावलीत?” ते त्या खुर्चीवर बसले होते आणि म्हणाले, “सुचलं नाही.” एवढंच. तू जे बोललीस ते बोललीस, त्याच संध्याकाळी निघालीस आणि पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं नाहीस. मी त्या वेळी कुठे होते आठवतं? दाराला टेकून उभी होते. तू जाताना माझ्या गळ्यात पडून रडलीस. म्हणालीस, तू तरी आहेस.

तेव्हापासून दर वेळी तू हे सगळं सांगतेस आणि दर वेळी मी ‘हं’ म्हणते. तुझी मुलं मोठी झाली, तुझा संसार मोडता मोडता सावरला, माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू सोळा तास प्रवास करून आलीस आणि माझ्या उशाशी बसून मला संत्री सोलून दिलीस. तेव्हाही विषय निघाला. तेव्हाही मी ‘हं’ म्हटलं. तोंडात मिठाची गुळणी धरून माणूस किती वर्षं काढू शकतो याचा काही विक्रम असेल तर तो माझ्या नावावर लागेल. काकांनी मात्र मला कधीच काही विचारलं नव्हतं. या वेळी निघताना, वेशीच्या कमानीत, पहिल्यांदा म्हणाले, “तिला अजून सांगितलं नाहीस ना? सांगू नकोस. माझ्यावर रागावायची तिला सवय झालीय. मैत्रीण एकच आहे तिला.” मी विचारलं, तुम्हाला कसं चाललं हे इतकी वर्षं? तर म्हणाले, “गावाला सांगून ठेवलं होतं मी, कुणी तिच्यापाशी बोलायचं नाही म्हणून. पोर परक्या मुलखात एकटी. आई गेली. मग मैत्रीणही काढून घ्यायची का? बाप काय, लांबून त्याच्यावर रागावलं तरी असतोच.”

उतरताना बस मी तिसऱ्या वळणावर थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, बाई, इथे स्टॉप नाही. म्हटलं, माहीत आहे, पायी उतरेन. तिथे रस्त्याखाली जी उंच आधाराची भिंत आहे ती, किल्ल्याच्या रस्त्यासकट, तेव्हा माझ्या देखरेखीखाली असायची. भिंत सरकतेय का हे बघायला आम्ही भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवतो आणि तिच्यावर तारीख घालतो. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. झुडुपं बाजूला करून मी शोधली. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख, माझ्याच अक्षरात, ऑइलपेंटने. काच शाबूत होती. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. मी तिथे कठड्यावर बसले ती किती वेळ बसले कोण जाणे. मग चालत खाली आले. त्याचेच हे पाय.

गुंडे, त्या दिवशी रस्ता बंद होता. मी बंद केला होता. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता, त्या वळणावरची भिंत फुगल्यासारखी वाटली म्हणून मी फाटक टाकलं, कुलूप लावलं आणि लेखी हुकूम काढला की मी स्वतः पाहिल्याशिवाय एकही गाडी सोडायची नाही. दुपारी सव्वाबाराला काकांनी तिकीटखिडकीतल्या फोनवरून मला ऑफिसात फोन केला. ॲम्ब्युलन्स खाली फाटकापाशी येऊन उभी होती. ते म्हणाले, एक गाडी सोड, एकच. ऑफिसपासून फाटक चाळीस मिनिटांवर. मी जाऊन पाहू शकले असते. पण माझी मीटिंग चालू होती, दोन रात्री मी नीट झोपले नव्हते, आणि काकूंना पित्ताचा त्रास आहे हे मला माहीत होतं, तेच मी धरून बसले. म्हटलं, “काका, नक्की कोणीच सांगू शकत नाही, पण धोका पत्करता येणार नाही. मीटिंग संपली की बघते.” मीटिंग पाचला संपली. मी घरी जाऊन झोपले. ते तीन वाजेपर्यंत माझी वाट बघत होते आणि मग त्यांनी खुर्ची उचलली. काकू अर्ध्या वाटेवर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळणावर गेले, वीस मिनिटं पाहिलं, भिंतीला काही झालेलं नव्हतं. काच चिकटवली आणि रस्ता उघडला. म्हणून तू गाडीने वर येऊ शकलीस. तेव्हा भिंत कदाचित एका गाडीनेही गेली असती, माझं चुकलं नव्हतं, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आले. काचेने आता तेही ठेवलं नाही. माफी मागत नाही, ती मागायची वेळ त्या दाराशी होती आणि मी तिथे उभी होते. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी की नोटीस वीस तारखेला लागेल, तिच्यावर माझीच सही असेल, आणि त्यानंतर तीस दिवसांनी तुझ्या बाबांना त्या घरातून बाहेर पडायचं आहे. मी विचारलं, लेकीला कळवू का? तर म्हणाले, “नको. कळवलंस की ती येईल असं वाटायला लागेल, आणि मी वाट बघत बसेन.” त्यांच्यावर रागावून तू जी वर्षं घालवलीस ती माझ्या खाती होती. ती मी तुला परत देऊ शकत नाही. मला उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस, पण त्यांच्याकडे जा. दारापर्यंत गाडी जाते. शेवटचं घर रिकामं होईपर्यंत रस्ता बंद करू नये, असं मी अहवालात पहिल्याच ओळीत लिहून दिलंय.

तुझीच लिहायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
फूटपट्टी